एका हाताचा चाकू

"हा बी नाही जमत," म्हणत माणिकरावांनी पाचवा चाकू काउंटरवर परत सरकवला.

वाशिमच्या बाजारातल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांना पाऊण तास झाला होता. समोर घडीचे चाकू पसरले होते. एकाचं पातं नखाने ओढून उघडावं लागे, म्हणजे मूठ धरायला दुसरा हात हवा. दुसऱ्याचं अंगठ्याने उघडे, पण उघडलं की त्याला खटका लागे. खटका सोडून पातं मिटवायचं तर पुन्हा दोन हात. माणिकरावांचा एकच हात चालत होता. दीड वर्षापूर्वी लकव्याने डावा हात गेला तो गेलाच. पाय तेवढा काठीच्या आधाराने सावरला.

"अवो, घरी इळी हाये, सुरी हाये," पंचफुला कंटाळून म्हणाली. "चाकूच कायले पाह्यजे?"

"इळीवर बसता येते का मले? आन् चाललो का हातात काठी असते. सुरी काय दातात धरू?"

दुकानदार हसला. माणिकराव हसले नाहीत. तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलेल्या माणसाला आता गोळ्यांची पट्टी फाडायलाही बायकोला हाक मारावी लागत होती.

दुकानदाराने खालच्या खोक्यातून आणखी एक काढला. बोटभर पातं, त्याला एक गोल भोक. "पाहा काका. पन याले खटका नाही, नुसत्या स्प्रिंगवर हाये. म्हनून लोक घेत नाहीत."

माणिकरावांनी भोकात अंगठा अडकवला आणि ढकलला. पातं उघडलं. त्यांनी पात्याची पाठ मांडीवर दाबली. पातं मिटलं. त्यांनी तेच पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

"हाच द्या."

"खटक्याचा घ्या ना," पंचफुला म्हणाली. "हा बोटावर मिटन."

त्यांनी ऐकलं नाही.

अनसिंगला घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचं म्हणणं खरं झालं. बकरीच्या ढेपेचं, म्हणजे सरकीच्या पेंडीचं, पोतं शिवलेलं होतं. त्यांनी सुतळीखाली चाकूचं टोक घातलं आणि जोर लावून पुढे रेटलं. स्प्रिंगने दगा दिला. पातं मागे फिरून थेट तर्जनीवर बसलं.

पंचफुला धावत आली. "म्हनलं होतं ना म्या! आना तो इकडं, मी कापून देतो."

"हात लावू नको!"

ते इतक्या जोरात ओरडले की बकरी दावणीला हिसडे देऊ लागली. संसाराच्या पस्तीस वर्षांत ते तिच्यावर असे कधी ओरडले नव्हते. पंचफुलाने गुपचूप बोट धुतलं, हळद भरली, चिंधी बांधली. मग चाकू उचलला आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिला. एका हाताने काठी सोडून तिथवर पोचणं त्यांना जमणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती पाणी भरायला गेली तेव्हा माणिकरावांनी भिंतीला पाठ टेकवली आणि काठीनेच चाकू खाली पाडला. तो उचलायला पाच मिनिटं गेली. ते पलंगावर बसले आणि रागारागाने दोरीचे तुकडे करू लागले. दोरी निसटायची. चाकू निसटायचा. एकदा तर त्यांनी तो अंगणात भिरकावला आणि मग स्वतःच काठी टेकत आणायला गेले. परतताना घामाने सदरा भिजला होता.

हळूहळू गोष्ट ध्यानात आली. टोक पुढे रेटलं की पातं मिटतं. धार आपल्याकडे ओढली की मिटत नाही. आणि निकामी डावा हात अगदीच निकामी नव्हता. उजव्या हाताने उचलून वस्तूवर ठेवला की वजनासारखा बसायचा, खालची वस्तू हलायची नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पंचफुलाला अंगणात खुर्चीवर बसवलं. "उठू नको," एवढंच म्हणाले.

त्यांनी दुधाची पिशवी कापून पातेल्यात ओतली. थोडं सांडलं. गोळ्यांची पट्टी डाव्या हाताखाली दाबून कापली, गोळी घेतली. कांदा चिरला, ओबडधोबड, पण चिरला. मग चाकू मिटवून खिशात टाकला आणि काठी टेकत गोठ्यापाशी गेले. ढेपेच्या नव्या पोत्याची सुतळी धार ओढून कापली आणि बकरीपुढे ढेप टाकली. पंचफुला दोनदा उठू लागली, दोनदा त्यांनी डोळे वटारले.

सगळं आटोपून ते तिच्यासमोर बाजेवर बसले. दम लागला होता.

"झालं का समाधान?" ती चिडून म्हणाली. "आता सांगा, मी का मेली होती का कापून द्याले?"

"नाशिकचं तिकीट काढ," ते म्हणाले.

पंचफुला खुर्चीवरून उठली.

त्यांची लेक पौर्णिमा नाशिकला होती. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद करून तिला पडून राहायला सांगितलं होतं. दोन महिने येऊन राहा, असं तिने फोनवर आईला विनवलं होतं. वाशिमला जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पंचफुला न्हाणीमागे उभी राहून हळू आवाजात बोलत होती, माहे गुडघे लय दुखते बाई, मले येनं होत नाही. पलीकडे माणिकराव काठी टेकून उभे होते. तिचे गुडघे कधीच दुखत नव्हते.

"तुमी ऐकलं?" पंचफुलाने विचारलं.

माणिकरावांनी खिशातला मोबाईल काढून तिच्या हातात दिला.

"फोन लाव पोरीले," ते म्हणाले. "सांग, गुडघे बरे झाले."