तिसऱ्या तारेची गुरगुर

मिस्त्रींनी बेस गिटारच्या मानेला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. “हां ताई, वाजवा.”

तिने तिसरी तार छेडली. जाड, गोल सूर खोलीभर पसरला. आणि त्याच्या मागोमाग ती गुरगुर आली.

“आली!” मिस्त्री ओरडले. चोर मुद्देमालासह सापडावा तसा त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे तुम्हाला भास होत नव्हता तर!”

“मी गेले कित्येक दिवस दुसरं काय सांगतेय?”

या गुरगुरीने तिला अगदी रडकुंडीला आणलं होतं. बेस मिस्त्रींच्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात नेला की गुणी बाळासारखा वाजायचा. तालमीच्या खोलीतही स्वच्छ. घरी आणला की पुन्हा सुरू. मिस्त्रींनी तारा बदलून पाहिल्या, मानेतला लोखंडी गज चावीने पिळला, तारा वर उचलल्या, परत खाली आणल्या. काही उपयोग झाला नाही. इकडे बँडचं पहिलं गाणं अडून बसलं होतं. प्रत्येकाने आपापला भाग घरी वाजवून, फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा होता. तिचा ऐकून ड्रमवाल्याने विचारलं होतं, “मागे कोणी मिक्सर लावलाय का गं?” आता उद्यापर्यंत स्वच्छ वाजवून पाठवलं नाही, तर तिच्या जागी दुसरा कुणी वाजवणार होता. म्हणून आज मिस्त्री दुकान बंद ठेवून हत्यारांच्या पेटीसकट घरी आले होते.

खरं तर या घरात आता आवाज असा उरलाच नव्हता. नवरा दिवसभर कामावर. फळीच्या भिंतीपलीकडच्या खोलीत सासरे. बाबा आयुष्यभर बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करत आले. त्यांच्या आवाजाने डुलक्या घेणारे ड्रायव्हरसुद्धा खडबडून उठायचे म्हणे. मग अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. बोलायला जावं तर तोंडातून वेडावाकडा हुंकार निघायचा. एकदा पाहुण्यांसमोर तसं झालं, एक पोर खुदकन हसलं, आणि त्या दिवसापासून बाबांनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. डॉक्टर सांगून थकले, “घसा ठणठणीत आहे हो, फक्त आवाज काढायला हवा.” बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई आल्या की बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मुलाने गोडीत सांगून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी त्यानेही नाद सोडला.

बेसचा त्रास होतो का, असं तिने त्यांना एकदा विचारलं होतं. बाबांनी जोरजोरात मान हलवून ‘नाही’ म्हटलं. तिला वाटलं, चांगुलपणा, दुसरं काय!

“आता नीट ऐका,” मिस्त्री म्हणाले. “तार वाजवा आणि लगेच हाताने दाबून बंद करा.”

तिने तसं केलं. तार थांबली. गुरगुर मात्र थोडी पुढे रेंगाळली, मग थांबली.

“बघा! बेसचा दोष नाही. खोलीतलं काहीतरी थरथरतंय.” मिस्त्रींना एकदम हुरूप आला. त्यांनी कपाटाचं दार दाबून धरलं. दिव्याची काचेची टोपी पकडली. कपबश्या पलंगावर निजवल्या. शेवटी खिडकीच्या काचेला दोन्ही तळवे टेकून ते पालीसारखे उभे राहिले. “वाजवा!”

गुरगुर आलीच.

तिला काय सुचलं कोण जाणे, तिने दुसरी तार छेडली. गुरगुर क्षणभर चाचपडली. मग हळूच वर सरकली आणि नव्या सुराला जाऊन चिकटली.

“मिस्त्री,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “खिडकीची काच कधी सूर बदलते का हो?”

मिस्त्री काचेवरून हात काढायचं विसरून गेले.

ती उठली आणि तिने पलीकडच्या खोलीचं दार ढकललं. बाबा पलंगावर बसले होते. गाल फळीच्या भिंतीला टेकवलेला, डोळे मिटलेले, ओठ बंद. आणि त्या बंद ओठांमागून तो खर्जातला हुंकार निघत होता. बेसच्या सुराखाली कुणाला कळणार नाही, असा हिशेब करून लपवलेला.

चाहूल लागताच ते दचकले. खोडी करताना सापडलेल्या पोरासारखे कानापर्यंत लाल झाले. हुंकार तुटला.

ती हसली नाही. रडलीही नाही. ती परत गेली, बेसचा अॅम्प्लिफायर फरफटत पलंगाशी घेऊन आली, बेस मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तिसरी तार छेडली. वाट पाहिली. पुन्हा छेडली. मग स्वतःच तोंड भलंमोठं उघडून त्या सुरात बेधडक “आऽऽ” लावला. तिचा गळा भयंकर होता. दारात उभ्या मिस्त्रींनी तोंड वेडंवाकडं केलं, पण नाइलाज झाल्यासारखा आपलाही “आऽऽ” त्यात मिसळला.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आणि हसता हसता त्यांचं तोंड उघडलं आणि “आऽऽ” बाहेर पडला. खरखरीत, डुगडुगता, पण तिघांत एकटाच सुरात असलेला.

“तुमचं ते गाणं उद्या माझ्या दुकानात बसून वाजवा,” मिस्त्री नाक पुसत म्हणाले. “इथली गुरगुर बंद करायची नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा होता.

“काय गं, मिस्त्री येऊन गेले का? झाला का तुझा बेस दुरुस्त?”

ती उत्तर द्यायला गेली, थांबली, आणि फोन बाबांच्या कानाला लावला.

“अगं, ऐकतेस ना? झाला का दुरुस्त?”

बाबांनी छातीभर श्वास घेतला.

“झा... ला.”