शेळीची तहान

“हिला फार तहान लागते,” मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी शेळीकडे पाहिलं. ती भिंतीवरचा ‘कृपया शांतता राखा’ हा कागद चघळत होती. ‘कृपया’ संपलं होतं.

“किती पाणी पिते?”

“सारखं. आणि मग सारखं बाहेर पळावं लागतं.”

डॉक्टरांनी ताप पाहिला, पापण्या उलटून पाहिल्या, पोटाला स्टेथोस्कोप लावला. “मावशी, शेळी ठणठणीत आहे.”

“दिसायला काय, सगळेच ठणठणीत दिसतात,” मावशी म्हणाल्या आणि शेळीला ओढत निघून गेल्या.

जनावरांचा हा मोफत दवाखाना वस्तीत दर बुधवारी भरायचा, एका बंद पडलेल्या सलूनमध्ये. न्हाव्याची खुर्ची तिथेच राहिली होती. पायाने खालीवर करता यायची, त्यामुळे मोठ्या कुत्र्यांची सोय झाली. आरशांवर मात्र वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, कारण पहिल्याच बुधवारी एका कोंबड्याला आरशात शत्रू दिसला होता आणि अर्धा तास युद्ध चाललं होतं.

वस्तीत कुणाची गाढवं विटा वाहायची, कुणाच्या घरात चार कोंबड्यांवर चूल पेटायची. जनावर आजारी पडलं तर घर आजारी पडायचं, आणि शहरातला दवाखाना परवडायचा नाही. म्हणून सकाळपासून रांग लागायची. डॉक्टर एकटेच. मदतीला एक कंपाउंडर. ते पूर्वी शाळेत गणित शिकवायचे आणि अजूनही कुत्र्यांना “मागचा बाक, गप्प!” असं दरडावायचे. कुत्री गप्प बसायची.

मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसायच्या, पण नंबर सगळ्यात शेवटचा घ्यायच्या. बाकीच्यांना “जा तू, माझं घाईचं नाही” म्हणत पुढे सोडायच्या आणि दिवसभर डॉक्टरांचं काम बघत राहायच्या.

पुढच्या बुधवारी त्या म्हणाल्या, “वाळत चाललीय हो.”

डॉक्टरांनी पँट सावरली आणि शेळीला उचलून काट्यावर ठेवलं. वजन दीड किलोने वाढलं होतं.

“काटा बिघडलाय,” मावशी म्हणाल्या.

त्यानंतरच्या बुधवारी तक्रार वेगळी होती. “पायाला जखम झालीय. पंधरा दिवस झाले, भरतच नाही. लंगडते बिचारी. आणि दुपारी जेवलं की बसल्या जागी डुलक्या.”

डॉक्टरांनी चारही खूर उलटेपालटे करून पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. तपासणी संपताच शेळीने जमिनीवरून थेट न्हाव्याच्या खुर्चीत उडी मारली आणि तिथून टेबलावरच्या केसपेपरांवर.

“ही लंगडते?” डॉक्टरांनी विचारलं.

“लोकांसमोर दाखवत नाही,” मावशी म्हणाल्या. “काहींचा स्वभाव असतो.”

त्या गेल्यावर डॉक्टरांनी बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा संपवलं आणि म्हणाले, “म्हातारीला वेड लागलंय.”

“साधं समीकरण आहे, डॉक्टर,” कंपाउंडर उरलेले कागद गोळा करत म्हणाले. “शेळीला काही झालेलं नाही. पण तक्रारी तर खऱ्या वाटतात. मग उरलं कोण?”

डॉक्टर थबकले. तहान, सारखं बाहेर जाणं, वजन उतरणं, न भरणारी जखम. साखरेचा आजार! माणसांच्या दवाखान्यात जायला बिचारी लाजत असणार, घाबरत असणार. म्हणून शेळीच्या आडून सांगतेय. आणि आपण तीन आठवडे चुकीच्या पेशंटला तपासत बसलो. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ती जखम अशीच चिघळली तर पाय कापायची पाळी येईल.

त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. ती माणसांची डॉक्टर. एरवी ते तिला फोन करायचं टाळायचे, कारण ती फार प्रश्न विचारायची.

“पुढच्या बुधवारी ये. साखर मोजायचं तुझं यंत्र घेऊन ये. आणि मावशींना जरा सांभाळून घे, फार मानी बाई आहे.”

बुधवारी बहीण आली. डॉक्टरांनी आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “मावशी, आज जनावरांबरोबर मालकांचीही तपासणी आहे. मोफत.”

त्यांना वाटलं होतं, मावशी शेळीसकट पळतील. पण मावशी ताडकन उठल्या. “माणसांची डॉक्टर आली एकदाची!” म्हणाल्या आणि बहिणीचा हात धरून आतल्या खोलीत गेल्यासुद्धा. दार लागलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग चक्क हसणं. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. एका कासवाचा मालक ताटकळत उभा होता. कासवाची हरकत नव्हती.

शेवटी दार उघडलं.

“किती निघाली साखर?” डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

“एकदम नॉर्मल. बीपी तर माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

“शक्यच नाही! अगं, ती तहान, ती जखम...”

“सगळं सांगितलं त्यांनी मला. दर बुधवारी बाकावर बसून काय काय पाहिलं तेही सांगितलं,” बहीण म्हणाली. ती आता हसत नव्हती. “‘हा माणूस पडला तर आमच्या जनावरांना कोण बघणार? पण तोंडावर सांगितलं असतं, तर हसून पुढचा नंबर बोलावला असता. शेळीचं म्हणून सांगितलं की निदान कागदावर लिहून तरी घेतो,’ असं म्हणाल्या.”

“कोणाबद्दल बोलतेस तू?”

बहिणीने यंत्रात नवी पट्टी घातली.

“बूट काढ, दादा.”