पिवळा उजेड

वडिलांच्या मोटारसायकलचा दिवा म्हणजे नुसता नावाला दिवा होता. "अहो, तो बल्ब बदला एकदाचा," म्हणून आई कानीकपाळी ओरडायची आणि ते हसून म्हणायचे, "तुझ्यापर्यंत पोचण्यापुरता उजेड आहे की!"

ते गेल्यावर मुलाने गाडी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपीकाकांना दिली आणि तिथेच चुकलं. रोज संध्याकाळी तो मिणमिणता पिवळा उजेड खिडकीतून आत यायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून थरथरत सरकायचा, आणि आई हातातलं काम टाकून लगबगीने तवा चढवायची. गाडी दारावरून पुढे निघून गेली की मग तिला आठवायचं. ती मुकाट्याने गॅस बंद करायची. मुलाचा जीव तुटायचा.

शेवटी तो शिंपीकाकांकडे गेला. "काका, या उजेडात खड्डासुद्धा दिसत नाही. मी नवा एलईडी बसवून देतो, नाही म्हणू नका."

त्या संध्याकाळी भिंतीवरून पांढराशुभ्र झोत सर्रकन निघून गेला. आईने मानही वर केली नाही. मुलाला हायसं वाटलं. बऱ्याच दिवसांनी निवांतपणे त्याने दोघांची ताटं घेतली.

आई मात्र उठून उंबऱ्यात जाऊन बसली.



"तू जेवून घे रे. तुझ्या बाबांची गाडी अजून दिसली नाही."