समोरच्या खुर्चीतला हुंकार

ही गेल्यापासून मला झोप लागेना, म्हणून मुलीने मला मन मोकळं करण्याच्या उपचारांना नेलं. आधी दीर्घ श्वास, मग तेलाचा मंद वास आणि शेवटी समोर एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीत ही बसली आहे असं समजून बोलायचं.

मला बोलता कुठे येतं? मी फार तर वाचून दाखवतो. झोपण्यापूर्वी मी हिला पुस्तक वाचून दाखवायचो आणि ही हुंकार द्यायची, अगदी झोपेतसुद्धा. म्हणून ही जागी आहे का ते बघायला मी मध्येच घुसडायचो, "इतक्यात म्हैस जिना चढून वर आली." जागी असली तर ही फटकन म्हणायची, "काहीतरीच!" झोपली असली तर नुसतं "हं."

पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडून खुर्चीला वाचून दाखवू लागलो आणि समोरून "हं" आलं.

"तुम्ही हुंकार दिलात का?" मी उपचार करणाऱ्या बाईंना विचारलं.

"नाही हो काका, मी मध्ये बोलतच नाही."

मग मीच दिला असेन? मला नीट सांगता येत नाही. तरी हळूच मी म्हैस जिन्यावर चढवली.

"हं."

म्हणजे झोपली आहे. मला उगाच बरं वाटलं.

आज बाई म्हणाल्या, "काका, आता निरोप घ्या."

दाराशी उभी असलेली मुलगीही म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना आईला."

मी घसा साफ केला. "तू जा," मी खुर्चीला म्हणालो. "माझं छान चाललंय."

मुलीने डोळे पुसले. आणि समोरून फटकन आलं,

"काहीतरीच!"