दोराला पीळ

स्वर्गारोहणाच्या सणाला येशूची लाकडी मूर्ती दोराने वर ओढायची आणि चर्चच्या रंगवलेल्या छतातल्या गोल भोकातून माळ्यावर घ्यायची, ही त्या डोंगरगावाची दोनशे वर्षांची रीत. दिसेनाशी होताना मूर्तीचं तोंड ज्या उताराकडे, त्या उतारावर यंदा गारा, असा सगळ्यांचा पक्का विश्वास.

माळ्यावरून दोर ओढायचा ब्लासियस. त्याने छतावर रंगवलेल्या गुबगुबीत सोनेरी देवदूतांमधल्या भोकातून खाली पाहिलं, तर नेमकी अफ्राच दिसली, कासियानला खेटून उभी. तीन वर्षांपूर्वी लग्नाला ती ब्लासियसला नाही म्हणाली होती आणि कासियानला हो. ब्लासियसच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दोराला हळूच पीळ दिला. मूर्ती कासियानच्या शेताकडे तोंड करून वर आली.

जुलैत गारा पडल्या, त्या अख्ख्या खोऱ्यात. गुरांसाठी राखलेलं गवत भुईसपाट झालं. वाचलं एकट्या कासियानचं. धास्तीने त्याने पंधरा दिवस आधीच कापून कोठारात भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कासियान गवताचा गाडा घेऊन ब्लासियसच्या दारात आला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"अफ्राने पाठवलंय. त्या दिवशी भोकातून तुझा हात दिसला तिला. म्हणते, ब्लासियसने मुद्दाम आपल्याला सावध केलं. कालपासून तुझं कौतुक ऐकून कान किटले माझे."

ब्लासियसला हसू आवरेना.

"हसून घे," गाडा रिकामा करत कासियान म्हणाला. "पुढच्या वर्षी दोर मी ओढणार."