शंभर ग्रॅममागे

"साखर अडतीस," जयराजनं प्रयोगशाळेच्या अहवालावर बोट ठेवलं. "शंभर ग्रॅममागे अडतीस ग्रॅम, राणीताई. प्रथिनं पाचसुद्धा नाहीत. हे मी शाळेच्या डब्यासाठी म्हणून कसं विकू?"

साताऱ्यात जयराजची पाच दुकानं होती. राणीच्या बचत गटाचं चॉकलेट कुकीचं तयार मळलेलं पीठ त्याला चवीला आवडलं होतं. पाकीट फोडायचं, गोळे थापायचे, भाजायचे, एवढंच काम. पण हल्लीच्या आया पाकीट उलटं करून आधी मागचा तक्ता वाचतात, त्याला तो तरी काय करणार?

"साखर वीसच्या आत आणा, प्रथिनं दहाच्या वर. एकदाच थांबतो. नाहीतर पुण्याचा माल घेतो."

शिराळ्याजवळच्या आपल्या गावी राणी परतली ती तोंड पाडूनच. अकरा बायकांनी तिच्या शब्दावर विश्वास टाकला होता. शिवाय घरात आकाराम होते.

आकाराम म्हणजे राणीचे सासरे, फौजेतले निवृत्त हवालदार. सासरे आणि सून थेट बोलत नसत. जे काय असेल ते सासूबाई बनुबाईंमार्फत, मग दोघं चार हातांवर उभे का असेनात.

"तिला सांग," आकाराम म्हणाले, "ह्या बारीला नापास झाली, की फ्रीज अर्जुनचा."

"मामंजींना सांगा, ऐकलं," राणी म्हणाली.

फ्रीजवरूनच सगळं भांडण होतं. आकारामांचा सगळा जीव अर्जुनवर. कोरेगावचं मैदान महिन्यावर आलं होतं. सकाळी मालीश, संध्याकाळी खुराक. खुराक ते स्वतःच्या हातानं मळत आणि गटाच्याच पांढऱ्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवत. डबे आपले आहेत हे राणी बोलली नाही. बोलणार तरी कुणामार्फत?

आठ दिवस बायकांनी डोकं चालवलं. साखर कमी केली, तर पीठ भुसभुशीत झालं. कडधान्य घातलं, तर त्याचा वास यायला लागला. शेवटी त्यातल्या त्यात बरं जमलेलं पीठ दोन डब्यांत भरून राणीनं फ्रीजमध्ये ठेवलं. यानं काम होईल असं तिचं तिलाही वाटत नव्हतं.

सांगलीची पहिली एसटी सहाची. नेमकी पहाटे वीज गेली. राणीनं फ्रीजमधले दोन डबे अंधारातच काढले, झाकणांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि पळत स्टँड गाठला. एक डबा तिनं सांगलीच्या प्रयोगशाळेत दिला. जयराजची गाडी माल भरायला तिथं आलीच होती, दुसरा डबा तिच्यातून साताऱ्याला पाठवला.

दहा दिवस तिला धड जेवण गेलं नाही. अकराव्या दिवशी जयराजचा फोन आला. "अहवाल आलाय. या साताऱ्याला."

ती गेली, तर टेबलावर ताटलीभर कुकीज होत्या आणि जयराजचं तोंड भरलेलं होतं.

"साखर सतरा," तो घास गिळत म्हणाला. "प्रथिनं चौदा! तंतुमय घटकही भरपूर. ताई, पुण्याच्या मालाला नाही हा तक्ता. चॉकलेट जरा दबलंय आत, पण चव काय आहे! माझ्या घरी पोरांनी डबा संपवलाय. एकच अट, हेच मिश्रण पाहिजे. यात रतीभर फरक चालणार नाही."

राणीला तिथंच रडू फुटलं. मग तिनं डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडं अकरा बायकांनी एवढा गलका केला, की जयराजलाही ऐकू गेला.

संध्याकाळी ती घरात शिरली ती ताठ मानेनं. बनुबाईंना ओलांडून सरळ सासऱ्यांपुढं उभी राहिली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थेट बोलली.

"मामंजी, पास झालो आमी. साखर सतरा, प्रथिनं चौदा!"

आकारामांनी चष्मा लावून अहवाल दोनदा वाचला. "लय झ्याक," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता माझं दोन डबं कुठं हायत तेवढं सांग. तू सांगलीला गेलीस त्या दिसापास्नं न्हाईत. त्यांच्या जागी जे व्हतं, त्याला चॉकलेटचा वास येत व्हता. अर्जुननं तोंडसुदीक लावलं न्हाई."

"त्यांनी तवाच तुला इचारायला सांगितलं व्हतं, पर घरात तंटा नको म्हणून मी गप ऱ्हायले गं," बनुबाई हळूच म्हणाल्या.

राणी तिथंच खाली बसली. अकरा बायका, पाच दुकानं, रतीभर फरक चालणार नाही. तिनं अहवाल पुन्हा एकदा वाचला. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते काही केल्या आवरेना. तिनं पिशवीतून वही काढली.

"मामंजी, खुराकात काय काय घालता?"

आकारामांनी वहीकडं बघितलं, अहवालाकडं बघितलं. मग त्यांना सगळं उमगलं. छाती फौजेत फुगली नसेल एवढी फुगली.

"ल्ही. भिजीवल्याला उडीद, वाटून. नाचणीचं पीठ. शेंगदाण्याचं कूट, खजूर, जरासा गूळ, गावरान तूप. सगळं पाखडून, निवडून. अन् आधी सोता खाऊन बघतो, मगच त्याला घालतो."

राणीनं प्रत्येक जिन्नस वजनासकट उतरवला, पुन्हा वाचून दाखवला. चॉकलेटचं काय ते उद्या बायका मिळून बघतील. आकाराम मान डोलवत होते.

"बनू," ते सवयीनं म्हणाले, आणि थांबले. मग थेट सुनेकडं वळले. "ऊठ पोरी. आजचा खुराक तुझ्या हातनं घाल अर्जुनला. फकस्त दावणीपास्नं जरा लांब उभी ऱ्हा, नव्या माणसावर शिंगं उगारतोय त्यो."