रिकामी बाजू

एकुलत्या एका पोरीसाठी सीसॉ आणला, म्हणून बायकोने सकाळीच तोंड सोडलं होतं. "समोर कोण बसणार? तुमचं शहाणपण?"

बोलून उपयोग नसतो, एवढं त्याला लग्नाने शिकवलं होतं. परसात घाम गाळत त्याने फळी मधल्या खांबावर चढवली, पान्याने बोल्ट आवळले आणि लेकीला एका टोकाला बसवलं.

तिची बाजू खाली जायला हवी होती, ती वर गेली.

"एक काम धड जमत नाही," बायको दारातून म्हणाली.

त्याने लेकीला उतरवलं. बोल्ट घट्ट होते, फळी मधोमध होती. तिला दुसऱ्या टोकाला बसवलं, तर पुन्हा तीच वर गेली आणि समोरची रिकामी बैठक मातीत रुतली. ती उचलायला त्याने सगळा जोर लावला. जागची हलेना.

वरून लेक त्या बैठकीकडे बघून ओरडली, "एकदम उतरू नकोस हं! मी पडेन."

त्याने दाराकडे पाहिलं. बायको तिथे नव्हती. ती रिकाम्या बैठकीपाशी येऊन गुडघ्यांवर बसली होती, आणि त्याच्या वाट्याला कधीच न आलेल्या आवाजात म्हणत होती, "हळू हं, राजा."